आधारगटाबाहेरच्या स्त्रिया: मुंबईच्या उपनगरांतील ज्येष्ठ स्तनकर्करोगमुक्त स्त्रियांची अलिप्तता आणि तिचा इतिहास

प्रास्ताविक

स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या साठीपुढील स्त्रिया आधारगटांत फारशा येत नाहीत, ही असे गट चालविणाऱ्या कार्यकर्त्यांची नेहमीची तक्रार आहे. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासकांनीही अशा गटांत येणाऱ्या स्त्रिया बहुधा तुलनेने तरुण, सुशिक्षित व मध्यमवर्गीय असतात असे नोंदविले आहे. या वस्तुस्थितीचे स्पष्टीकरण सामान्यतः मानसशास्त्राच्या भाषेत दिले जाते. ज्येष्ठ स्त्रियांना संकोच वाटतो, त्या जुन्या वळणाच्या असतात, मन मोकळे करण्याचे महत्त्व त्यांना कळत नाही, असे सांगितले जाते. या स्पष्टीकरणात तथ्य नाही असे नाही. परंतु त्यात त्या स्त्रियांचा दोष गृहीत धरलेला असतो आणि आधारगट नावाच्या संस्थेचा इतिहास मात्र वगळलेला असतो.

प्रस्तुत निबंधात हाच प्रश्न इतिहासाच्या अंगाने विचारला आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे राहणारी आणि आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेली स्त्री ज्या काळात आजारी पडली, त्या काळात 'आधार' ही गोष्ट तिला कोठे, कोणाकडून आणि कोणत्या अटींवर मिळत होती? आधारगट तिच्यापर्यंत आला तेव्हा तो कोणते रूप घेऊन आला? आणि तो येण्यापूर्वी ती ज्या मंडळांत वावरत होती त्यांनी तिला काय दिले व काय नाकारले? या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवली तर ज्येष्ठ स्त्रियांची अलिप्तता हे केवळ मौन न राहता एक विचारपूर्वक केलेली निवड म्हणून दिसू लागते, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

येथे 'ज्येष्ठ' या शब्दाचा थोडा खुलासा आवश्यक आहे. भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षे आधीच्या वयात, पन्नाशीच्या आगेमागे, आढळतो. त्यामुळे साठी-सत्तरीतील कर्करोगमुक्त स्त्रियांमध्ये दोन वेगळे गट असतात. काहींना आजार उतारवयातच झालेला असतो. दुसऱ्या काहींना तो पंचेचाळीस-पन्नासाव्या वर्षी, म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झाला आणि त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे त्यांनी संसार, नातवंडे, सांधेदुखी, वैधव्य अशा अनेक गोष्टींमध्ये घालविली. या दुसऱ्या गटाचा विचार येथे प्रामुख्याने केला आहे. शस्त्रक्रिया ही त्यांच्या आयुष्यातील एक जुनी घटना आहे. आधारगट मात्र तीच घटना त्यांची ओळख म्हणून पुढे मांडतो.

परळचा बाक

मुंबईतील कर्करोगाचा इतिहास दीर्घकाळ परळचा इतिहास होता. मेहरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर सर दोराबजी टाटा न्यासाच्या पुढाकाराने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. प्रारंभी त्यात ८० खाटा होत्या. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. मराठी कुटुंबांच्या बोलण्यात या रुग्णालयाला एक विलक्षण स्थान आहे. 'तिला टाटाला दाखवले' एवढे वाक्य उच्चारले की आजाराचे नाव घेण्याची आवश्यकता राहत नाही. रोगाचे नाव टाळण्यासाठी समाजाने रुग्णालयाचे नाव वापरावे, ही भाषेच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. पुढे आधारगटात 'मला कर्करोग झाला होता' असे उघड म्हणण्याची अपेक्षा ज्या पिढीकडून केली गेली, तिने हे वाक्य आपल्या घरातही क्वचितच उच्चारले होते.

रुग्णालय परळला स्थिर राहिले आणि मध्यमवर्गीय मराठी वस्ती मात्र उत्तरेकडे सरकत गेली. १९५० साली महानगरपालिकेची हद्द उपनगरांत वाढविण्यात आली व १९५७ साली ती पश्चिमेस दहिसरपर्यंत आणि पूर्वेस मुलुंडपर्यंत पोहोचली. गिरगाव, दादर, लालबाग येथील चाळींतून अनेक कुटुंबे बोरिवलीच्या व मुलुंडच्या इमारतींत राहावयास आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील कुटुंबांची पांगापांगही वाढली. अशा रीतीने ज्या स्त्रियांचे बालपण परळच्या आसपास गेले होते, त्यांपैकी काहींना आजारपणात उपनगरी गाडीने पुन्हा परळला यावे लागले. पश्चिम मार्गावरील रुग्ण एल्फिन्स्टन रोड स्थानकावर उतरत (२०१८ सालापासून या स्थानकाचे नाव प्रभादेवी आहे), तर मुलुंड-घाटकोपरकडचे परळ स्थानकावर.

हा प्रवास एकदोनदा करावयाचा नसे. शस्त्रक्रियेनंतरचा किरणोपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच आठवडे चाले. उपनगरी गाडीतील अपंगांच्या डब्यात कर्करुग्णांना बसण्याची मुभा आहे. परंतु त्या डब्यात चढणे म्हणजे फलाटावरील सर्वांना आपला आजार सांगणे, हे उघड आहे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या स्त्रीला त्या डब्यात 'तुम्हाला काय झाले आहे' असे विचारले जाणे हीही अपवादात्मक गोष्ट नव्हे. त्यापेक्षा महिलांच्या डब्यात दुखरा हात सांभाळत उभे राहणे अनेकींना सोयीचे वाटावे, यात नवल नाही.

रोजच्या या जाण्यायेण्यात रुग्णालयाच्या प्रतीक्षालयातील बाक ही जागा महत्त्वाची ठरली. तेथे तासन् तास बसावे लागे. शेजारी बसलेली स्त्री सोलापूरची असे, रत्नागिरीची असे किंवा कोलकात्याहून आलेली असे. कोणाच्या तोंडाला चव नसे, कोणाचे केस गळलेले असत, कोणाच्या त्वचेवर किरणोपचाराचा काळेपणा आलेला असे. मळमळीवर काय खावे, नळी काढताना दुखते काय, गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते काय, असे ज्ञान या बाकावर हस्तांतरित होत होते. पुढे त्या स्त्रिया एकमेकींना कधी भेटतही नसत. आधारगटाची जी वैशिष्ट्ये ग्रंथांत सांगितली जातात, म्हणजे समदुःखींची भेट, अनुभवाची देवघेव आणि 'आपण एकट्या नाही' ही जाणीव, ती या बाकावर नामरहित अवस्थेत अस्तित्वात होती. दोन गोष्टींचा मात्र फरक होता. बाकावर बसण्यासाठी सभासद व्हावे लागत नव्हते आणि बोलणे हा तेथे येण्याचा उद्देश नव्हता. उद्देश उपचाराचा होता. बोलणे त्याच्या आडोशाने होई.

संस्थांचे कार्य याच काळात परंतु वेगळ्या पातळीवर सुरू झाले. १९३६ साली नागपाडा येथे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले. तीच पुढची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. १९५१ साली डॉ. दा. जे. जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना झाली आणि तिच्या वतीने १९६३ साली मुंबई कर्करोग नोंदणी सुरू करण्यात आली. देशातील लोकसंख्याधारित अशी ती पहिली नोंदणी होय. १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था उभी राहिली. औषधांचा खर्च, तपासणी शिबिरे, पुनर्वसन, कृत्रिम अवयव अशी अत्यंत मोलाची कामे या संस्थांनी केली. परंतु त्यामुळे सर्वसामान्यांच्या मनात एक समीकरणही पक्के झाले: संस्थेत जाणे म्हणजे मदत मागावयास जाणे. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, अर्ज आणि समाजसेविकेचे शिफारसपत्र ही त्या भेटीची अंगे होती. मुलुंड किंवा विलेपार्ले येथील नोकरदार कुटुंबातील स्त्रीला 'आपल्याला कोणापुढे हात पसरावा लागला नाही' याचा अभिमान असे. तिला पुढे जेव्हा संस्थेच्या गटात येण्याचे निमंत्रण मिळाले, तेव्हा तिने ते याच जुन्या समीकरणातून वाचले. 'मला गरज नाही' हे तिचे उत्तर भावनिक गरजेविषयी नव्हते. ते प्रतिष्ठेविषयी होते. गटचालकांनी त्याचा अर्थ नकार असा घेतला आणि बहुधा तेथेच संवाद संपला.

आधारगट कोणते रूप घेऊन आला

समदुःखींचा गट ही कल्पना मुंबईत प्रथम आली ती पुरुषांसाठी. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९५७ साली मुंबईत पोहोचली. तिचे सूत्र नावातच होते: अनामिकता. आडनाव नाही, नोंदवही नाही, छायाचित्र नाही. ज्या समाजात आडनावावरून जात, गाव आणि नातेवाईक कळतात, तेथे या सूत्राचे मूल्य किती मोठे होते हे वेगळे सांगावयास नको. स्तनकर्करोगाच्या गटांनी यातील वर्तुळात बसून बोलण्याची रीत स्वीकारली, अनामिकता मात्र स्वीकारली नाही. उलट प्रकटीकरण हेच त्यांचे बळ मानले गेले. गुलाबी फीत, व्यासपीठावरील सत्कार, वृत्तपत्रातील छायाचित्र या गोष्टी त्या प्रकटीकरणातून आल्या. लाज झुगारण्याचा हा मार्ग तरुण स्त्रियांना बळ देणारा ठरला यात शंका नाही. मात्र ज्या स्त्रीच्या इमारतीत तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक घर तिला ओळखते, तिच्यासाठी तो मार्ग वेगळ्या किमतीचा होता.

स्तनकर्करोगाच्या आधाराची परंपरा जेथून सुरू झाली त्या न्यूयॉर्कमधील घटनेकडे पाहिले तर एक उद्बोधक गोष्ट दिसते. टेरिस लॅसर या स्त्रीने आपल्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ साली 'रीच टू रिकव्हरी' हे काम सुरू केले. ते गटाचे काम नव्हते. शस्त्रक्रिया झालेली एक स्त्री नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या दुसऱ्या स्त्रीच्या खाटेशी जाऊन बसत असे. सोबत एक रबरी चेंडू, एक दोरी आणि तात्पुरते कृत्रिम स्तन अशा वस्तू असत. चेंडू व दोरी हाताच्या व्यायामासाठी होत्या. त्या काळातील शस्त्रक्रियेत, म्हणजे हॅल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या पद्धतीत, स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथीही काढल्या जात आणि हात वर उचलणे ही पहिली लढाई असे. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे काम आपल्याकडे घेतले. पुढे कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द कॅन्सर जर्नल्स' या पुस्तकात या कामावर कठोर टीका केली. स्त्रीने पूर्वीसारखे दिसावे, म्हणजे इतरांना अवघडल्यासारखे होणार नाही, असा आग्रह त्यांना कृत्रिम स्तनाच्या त्या भेटीत दिसला. ही टीका महत्त्वाची आहे. परंतु चेंडू आणि दोरीकडे मात्र इतिहासकारांचे म्हणावे तितके लक्ष गेले नाही. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

गटाच्या स्वरूपातील आधाराला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली ती १९८९ साली. डेव्हिड स्पीगेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजार पसरलेल्या ८६ स्त्रियांच्या अभ्यासावरून, दर आठवड्याला गटात येणाऱ्या स्त्रिया सरासरीने जवळजवळ दुप्पट काळ जगल्या, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २००१ साली कॅनडातील पॅमेला गुडविन यांच्या २३५ स्त्रियांवरील अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मनःस्थिती व वेदना यांत मात्र सुधारणा आढळली. स्वतः स्पीगेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही पूर्वीचा निष्कर्ष टिकला नाही. याहून अधिक विचार करावयास लावणारा अभ्यास १९९९ सालचा आहे. व्हिकी हेल्गेसन यांनी ३१२ स्त्रियांचा अभ्यास करून असे दाखविले की माहिती देणाऱ्या गटांचा लाभ झाला, पण केवळ आपापसात भावना व्यक्त करणाऱ्या गटांचा तसा लाभ दिसला नाही. तेव्हा 'मला बोलावयाचे नाही, काय करावयाचे ते सांगा' असे म्हणणारी बोरिवलीची आजी अशास्त्रीय बोलत आहे, असे समजण्याचे कारण नाही.

मुंबईत रुग्णांनी रुग्णांसाठी काम करण्याची परंपरा १९९० नंतर दृढ झाली. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली व्ही केअर ही संस्था सुरू केली. २००३ साली टाटा स्मारक रुग्णालयाशी संलग्न असा विमेन्स कॅन्सर इनिशिएटिव्ह हा उपक्रम आकारास आला. २०१२ साली रूबी अहलुवालिया यांनी संजीवनी लाइफ बियाँड कॅन्सर ही संस्था स्थापन केली. या कालक्रमाकडे पाहिले असता एक साधी गोष्ट ध्यानात येते. १९९२ साली शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला तिच्या संकटाच्या वर्षी यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. गट आले तेव्हा ती बरी झालेली होती. तिने तो काळ नवऱ्याच्या, बहिणीच्या आणि बाकावरील अनोळखी स्त्रियांच्या आधारावर निभावून नेला होता. आता गटात जाणे म्हणजे तिच्या दृष्टीने भरलेली जखम पाहण्यासाठी पुन्हा पट्टी सोडणे होते.

शब्दांचाही येथे अडसर झाला. 'सर्व्हायव्हर' हा शब्द कर्करोगाच्या संदर्भात रूढ होण्यास १९८५ साली फिट्झह्यू मुलन या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या स्वतःच्या आजारावर लिहिलेला लेख मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला. निदानाच्या दिवसापासून मनुष्य 'सर्व्हायव्हर' असतो व कायम तसाच राहतो, ही त्यामागील कल्पना आहे. मराठीत तिच्यासाठी 'कर्करोगमुक्त', 'कर्करोगविजेती', 'योद्धा' असे शब्द सुचविले गेले. पण ज्येष्ठ स्त्रियांच्या तोंडी त्यांपैकी एकही बसला नाही. त्या 'मी बरी झाले' असे म्हणतात. हे क्रियापद भूतकाळातील आहे. आजार झाला, उपचार झाले, बरी झाले. गटाची भाषा अखंड वर्तमानकाळाची आहे. व्याकरणातील हा भेद मनोवृत्तीतीलही भेद आहे.

मंडळातील अलिखित करार

उपनगरांतील ज्येष्ठ स्त्री एकाकी होती, असे समजणे चुकीचे ठरेल. भजनी मंडळ, महिला मंडळ, भिशी, चैत्रातील व संक्रांतीचे हळदीकुंकू, गणेशोत्सवातील कामे, अलीकडे ज्येष्ठ नागरिक संघ आणि सकाळचा हास्यक्लब असा तिचा सामूहिक संसार मोठा असतो. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती कुटुंबांत सत्संग आणि मंडळे आहेत. अंधेरी-बोरिवलीच्या ईस्ट इंडियन व गोवेकर ख्रिस्ती वस्तीत चर्चच्या परिसरातील स्त्रिया आजाऱ्याला भेटावयास जातात. ही सगळी खऱ्या अर्थाने आधाराचीच माध्यमे होत. पंधरा दिवस मंडळात न दिसलेल्या बाईच्या घरी कोणीतरी डबा घेऊन पोहोचते. तिच्या नातवाला शाळेतून आणले जाते. हे सर्व करताना आजाराचे नाव मात्र घेतले जात नाही. 'जरा बरे नव्हते', 'ऑपरेशन झाले', 'गाठ काढली' एवढ्यावर सर्वजणी थांबतात. साऱ्यांना ठाऊक असते आणि कोणीही विचारत नाही. हा एक अलिखित करार आहे, व त्यात मोठी माणुसकीही आहे. स्त्रीला रुग्ण न ठरविता तिला पुन्हा आपल्यात बसवून घेण्याची ही रीत आहे. सत्तरीतील स्त्री जेव्हा म्हणते की 'मला माझे भजनी मंडळ पुरे आहे', तेव्हा ती याच रीतीची साक्ष देत असते.

परंतु या मंडळांचे गौरवीकरण करून थांबता येणार नाही. हळदीकुंकवाने विधवेला बाहेर ठेवले. आणि उतारवयातील कर्करोगमुक्त स्त्रियांत विधवा पुष्कळ असतात. आजार सांसर्गिक असल्याच्या समजुतीने तांब्याभांडे वेगळे ठेवण्याचे प्रकार सुशिक्षित घरांतही घडले आहेत. मौनाचा आणखी एक आधार होता तो मुलींच्या विवाहाचा. आईला 'असा' आजार असल्याचे कळले तर स्थळे येणार नाहीत, या भीतीने किती शस्त्रक्रिया 'गर्भाशयाच्या' म्हणून सांगितल्या गेल्या असतील याची मोजदाद नाही. १९९४ साली बीआरसीए-१ व १९९५ साली बीआरसीए-२ या जनुकांचा शोध लागला तेव्हा या भीतीला विज्ञानाचा टेकू मिळाल्यासारखे झाले. वस्तुतः स्तनकर्करोगाच्या एकूण रुग्णांपैकी पाच ते दहा टक्के रुग्णांतच आनुवंशिक कारण असते. परंतु लग्नाच्या बाजारात टक्केवारीला स्थान नसते. आता त्या मुलींची लग्ने होऊन वीस-पंचवीस वर्षे लोटली आणि नातींची वेळ आली आहे. मौनाची मुदत एका पिढीने वाढली. या मौनाचा फटका त्या मुलींनाच बसू शकतो, कारण आईच्या आजाराचे खरे नाव ठाऊक नसेल तर मुलगी डॉक्टरांना घराण्याचा इतिहास काय सांगणार? ज्येष्ठ स्त्रियांच्या अलिप्ततेतील खरी हानी कोठे असेल तर ती येथे आहे.

मराठी स्त्रीला दुःख सांगण्याची रीतच नव्हती, हे म्हणणेही इतिहासाला धरून नाही. जात्यावरच्या ओव्या ही ती रीत होती. हेमा राईरकर व गी पॉयट्व्हाँ यांनी पुढाकार घेऊन केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत सासर, माहेर, दारिद्र्य, आजार आणि मरण हे सर्व आहे. पण त्या बोलण्याची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. दोघी समोरासमोर बसत, परंतु दृष्टी व हात कामात असत. दुःख आईला, भावाला, विठ्ठलाला उद्देशून गायिले जाई. समोरच्या स्त्रीवर उत्तर देण्याचे ओझे नसे. मुंबईत पिठाच्या गिरणीने जाते घालविले, तरी भाजी निवडताना, पापड लाटताना, वाती वळताना बोलण्याची सवय राहिली. आधारगटात हात रिकामे असतात. खुर्च्यांचे वर्तुळ, समोर समुपदेशक, आणि 'आता तुम्ही सांगा' ही सूचना. त्यातच वयाचा प्रश्न येतो. पस्तिशीची कार्यकर्ती साठीच्या स्त्रीला 'काकू' आणि पंचाहत्तरीच्या स्त्रीला 'आजी' म्हणते. तसे म्हणणे योग्यच आहे. परंतु ज्या क्षणी 'आजी' म्हटले त्या क्षणी त्या स्त्रीवर आजीची भूमिका येते. आजीने धीर द्यावयाचा असतो, आशीर्वाद द्यावयाचा असतो; आपल्या पोटच्या मुलीच्या वयाच्या बाईसमोर तिने रडावयाचे नसते. शिवाय ती बहुधा एकटी आलेली नसते, शेजारच्या खुर्चीवर सून बसलेली असते.

हात

ज्येष्ठ स्त्रिया आपल्या आजाराविषयी मुळीच बोलत नाहीत, असे नाही. त्या हाताविषयी बोलतात. काखेतील ग्रंथी काढल्यानंतर काही स्त्रियांच्या त्या बाजूच्या हाताला सूज येते. कधी ती शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही येते. त्या हातावर सुई टोचावयाची नाही, रक्तदाब मोजावयाचा नाही, जड पिशवी उचलावयाची नाही, भाजू किंवा कापू द्यावयाचे नाही, अशा सूचना त्यांना दिलेल्या असतात. पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या चाळीत किंवा इमारतीत बादल्या भरणारी, धुणे पिळणारी, कणीक तिंबणारी स्त्री या सूचना कशा पाळत असेल, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. सुजलेल्या हातात बांगड्या चढत नाहीत. एका हातात भरलेला चुडा आणि दुसऱ्या हातात काहीच नाही, किंवा ब्लाउजची एक बाही उसवून मोठी केलेली, ही खूण जाणत्या नजरेला पुरेशी असते. स्तनाचा अभाव साडीच्या पदराखाली झाकला जातो; घरी शिवलेल्या कापसाच्या गादीने कित्येकींनी ती उणीव भरून काढली. त्यामुळे पाश्चात्त्य आधारकार्यात ज्याला केंद्रस्थान होते तो दिसण्याचा प्रश्न साडी नेसणाऱ्या या पिढीपुढे त्याच तीव्रतेने आला नाही. दंडावर मात्र पदर पुरत नाही.

लॅसर यांच्या चेंडू-दोरीचे महत्त्व येथे ध्यानात येते. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढत जाण्याचा व्यायाम, सुजेवरील पट्टी कशी बांधावी, बाही किती सैल शिवावी, मळणे-पिळणे कोणत्या हाताने करावे, हे ज्ञान ज्येष्ठ स्त्रियांकडे विपुल आहे आणि ते द्यावयास त्या उत्सुकही असतात. 'भावना सांगा' म्हटल्यावर गप्प बसणारी स्त्री 'हात कसा सांभाळलात' असे विचारल्यावर अर्धा तास बोलते, हा अनुभव या क्षेत्रात वावरणाऱ्यांना अपरिचित नसावा. हाताविषयी बोलता बोलता बाकीचेही येते.

दारापर्यंत आलेली तपासणी

मुंबईतील सामान्य स्त्रिया स्तनाच्या आजाराविषयी बाहेरच्या माणसाला जवळ येऊच देत नाहीत, या समजुतीला छेद देणारे उदाहरण याच शहरात घडले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयोगटातील स्त्रियांसाठी एक दीर्घ चाचणी हाती घेतली. २० विभागांतील एकूण १,५१,५३८ स्त्रियांचा त्यात समावेश होता. निम्म्या विभागांत प्रशिक्षित स्त्री आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनांची तपासणी केली. महागडी यंत्रे नव्हती. तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनुसार पन्नाशीवरील स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत जवळजवळ ३० टक्के घट दिसली. सर्व वयोगट एकत्र घेतल्यास दिसलेली घट संख्याशास्त्रीय कसोटीवर तेवढी निर्णायक नव्हती. म्हणजे लाभ झाला तो वयाने मोठ्या स्त्रियांना.

ही चाचणी आधारगटांविषयीची नव्हती, हे खरे. तथापि तिच्यातून संकोचाविषयी काही शिकता येते. जी स्त्री परळच्या सभागृहात अनोळखी वर्तुळात बसावयास तयार नव्हती, तिच्यासारख्याच हजारो स्त्रियांनी वस्तीत आलेल्या स्त्रीला स्तनांची तपासणी करू दिली. अडथळा शरीराच्या लाजेचा जेवढा होता, त्याहून जागेचा, भाषेचा आणि येणाऱ्या व्यक्तीच्या ओळखीचा अधिक होता.

गेल्या दोन दशकांत परिस्थिती आणखी बदलली. २००९ साली अंधेरीत कोकिलाबेन धीरुभाई अंबानी रुग्णालय सुरू झाले. उपनगरांतील इतर खाजगी रुग्णालयांतही कर्करोगाचे उपचार मिळू लागले. ज्यांना परवडते त्यांचा परळचा प्रवास टळला. वेळ ठरवून मिळू लागली, खोली स्वतंत्र झाली, आणि त्याबरोबर बाकही गेला. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर अनेक गट भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरू लागले. घरबसल्या सामील होता येते ही सोय झाली. पण दोन खोल्यांच्या घरात सून, मुलगा व नातवंडे असताना आजीने पडद्यासमोर काय बोलावे, हा प्रश्न तसाच राहिला.

तरीही एक रीत टिकून आहे. कोणाच्या घरी निदान झाले की ओळखीतून निरोप जातो: अमुकच्या सासूबाईंना वीस वर्षांपूर्वी झाला होता, त्यांच्याशी एकदा बोलून घे. मुलुंडची स्त्री घाटकोपरच्या अनोळखी स्त्रीला दुपारी, घरातील माणसे बाहेर गेल्यावर, दूरध्वनी करते. गटाचे निमंत्रण नाकारणारी ज्येष्ठ स्त्री हा दूरध्वनी नाकारीत नाही. एका स्त्रीने दुसरीशी बोलावे, एवढेच त्याचे स्वरूप असते. १९५२ साली लॅसर यांनी खाटेशी बसून केले ते यापेक्षा वेगळे नव्हते. नाव-गाव विचारून झाल्यावर तिचा पहिला प्रश्न बहुधा कोणत्या बाजूचा हात, हा असतो.